गाभा राखला, आता काठ
मेळघाट, वऱ्हाड आणि बदलतं हवामान : एक आढावा

२२ जुलै २०२३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यानाल्यांनी वावरं खरडून नेली, घरांत पाणी शिरलं, गावांचा संपर्क तुटला. त्यामागून आलेला ऑगस्ट हा देशातल्या १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैत ज्यांच्या पऱ्हाटीत पाणी उभं होतं, तेच शेतकरी महिन्याभरात आभाळाकडे बघू लागले. दोन्ही बातम्या शेतीच्या म्हणून छापल्या गेल्या आणि ते साहजिकच होतं. पण त्या भागाला लागून असलेला डोंगर अंबाबरवा अभयारण्याचा, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम टोकाचा. एका महिन्यात लोंढा आणि पुढच्या महिन्यात कोरड, हे जंगलालाही सोसावं लागतं. त्याचा पंचनामा मात्र होत नाही.

मेळघाटात वन्यजीव संरक्षणाची व्यवस्था उभी राहून पन्नास वर्षं झाली. ती ज्या धोक्यांसाठी उभारली ते होते कुऱ्हाड, बंदूक आणि गुरं. हे तिन्ही धोके हद्द आखून आणि चौकी बसवून बऱ्याच अंशी अडवता येतात. हवामानाला हद्द कळत नाही. त्यामुळे प्रश्न असा, की या व्यवस्थेतलं काय नव्या काळात पुरं पडेल, काय अपुरं आहे, आणि काय उलट अंगाशी येईल? अमरावती-अकोल्याच्या टापूत गेल्या दोन-तीन दशकांत जे प्रयोग झाले, त्यांतून या प्रश्नाचं निम्मं-अर्धं उत्तर मिळतं. उरलेलं उत्तर जंगलाच्या गाभ्यापेक्षा त्याच्या काठावर शोधावं लागेल, असं या आढाव्याअंती वाटतं.

पारा आणि पाऊस

आधी हवामानाचा हिशेब. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. १९५१ ते २०१५ दरम्यान देशातला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. याच काळात मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग मात्र सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतातल्या विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतरच्या ६५ वर्षांत तिप्पट झाल्या. एकूण पाऊस थोडा कमी, पण पडतो तेव्हा एकदम, आणि मधले खंड लांब, असा हा बदल आहे. वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला तो आकड्यांशिवायही ठाऊक आहे.

जंगलासाठी याचा अर्थ काय? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये हवामानाची प्रारूपं देशाच्या वननकाशावर बसवून पाहिली. शतकाच्या अखेरीस वनक्षेत्राच्या ३४ ते ३९ टक्के भागातलं हवामान तिथल्या आजच्या वनप्रकाराला मानवणारं राहणार नाही, असा अंदाज निघाला. अधिक धोक्याच्या प्रदेशांत हिमालयाच्या वरच्या पट्ट्यांबरोबर मध्य भारताचे काही भागही होते. अशी प्रारूपं तालुक्याचं भविष्य सांगत नाहीत. साग उद्या नाहीसा होईल, असं त्यांतून निघत नाही. पण आज उभी असलेली झाडं ज्या हवामानात रुजली, ते हवामान त्यांच्या रोपट्यांना मिळेलच याची खात्री उरली नाही, एवढं निश्चित कळतं. शंभर वर्षांचा ऐन किंवा धावडा एखादा वाईट उन्हाळा काढून नेतो. जूनमध्ये उगवून जुलैच्या खंडात सुकलेलं रोप कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि जंगल बदलतं ते असंच, खालून.

हद्दी ठरल्या तेव्हाचं हवामान

१९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांत महाराष्ट्रातलं एकमेव नाव मेळघाटचं होतं. पुढे मेळघाट अभयारण्य, गुगामल राष्ट्रीय उद्यान, आणि १९९७ मध्ये अकोला-बुलढाण्याकडची नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्यं अशी भर पडत गेली. आज प्रकल्पाचं क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्यातला सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा आणि उरलेला बफर.

या हद्दी आखताना कुणी हवामानाचा विचार केला नव्हता, तरी निवड नकळत चांगली झाली. खाली पूर्णेचं खोरं समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर आहे आणि वैराटचं टोक ११७८ मीटरवर. दर शंभर मीटरला साधारण अर्ध्या अंशाहून थोडं अधिक तापमान उतरतं, त्यामुळे अकोट तापलेलं असताना चिखलदऱ्यात चार-पाच अंशांचा दिलासा असतो. पाऊसही पठारावर दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, तर अकोल्याकडे जेमतेम त्याच्या निम्मा. सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या नद्यांच्या खोल दऱ्यांत उन्हाळ्यातही सावली आणि ओल टिकते. वाढत्या उष्णतेत जीवजातींना आसरा देणाऱ्या जागा त्या ह्याच. एकाच प्रकल्पात एवढा चढउतार असणं हे मेळघाटचं मोठं भांडवल आहे. मर्यादा एवढीच, की वैराटच्या वर डोंगर नाही. वर सरकायची जागा संपली, की आडवं सरकावं लागतं.

सातपुडा हा अशा आडव्या सरकण्याचा जुना मार्ग मानला गेला आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे तत्कालीन संचालक सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये मांडलं, की पूर्व हिमालयातले काही मासे आणि इतर प्राणी पश्चिम घाटात पोचले ते अधिक ओल्या काळात विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून. या मांडणीवर पुढे वाद झाले आणि सगळे तपशील टिकले नाहीत. पण हवामान पालटलं की जीवसृष्टी डोंगररांगेच्या आधाराने वाट काढते, हे तिचं सूत्र आज पुन्हा कामाचं ठरतं. फरक इतकाच, की तेव्हा वाटेत महामार्ग, कालवे आणि संत्र्याच्या बागा नव्हत्या.

पाणवठे : सोपा उपाय आणि त्याची किंमत

उन्हाळा कडक झाला की वनखात्याचं पहिलं काम म्हणजे पाणवठे भरणं. सिमेंटच्या बशा, टँकर, आणि अलीकडे सौरपंपावरच्या विंधनविहिरी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजणाऱ्या शेकडो हौशी माणसांनी जंगल पाहिलं ते अशाच पाणवठ्यांवरून, त्यामुळे हा उपाय लोकप्रियही आहे.

तातडीची सोय म्हणून त्याला पर्याय नाही. मात्र वर्षभर आणि सगळीकडे पाणी दिलं, तर त्याचे परिणाम उलटतात. पाण्याजवळचं गवत आणि रोपं चरून-तुडवून संपतात. एरवी पाण्याअभावी काही महिने मोकळे राहणारे आणि त्यामुळे सावरणारे भाग सावरत नाहीत. गर्दीत रोग फैलावायला वाव मिळतो आणि शिकाऱ्याला कुठे बसायचं ते आयतंच कळतं. शिवाय विंधनविहिरीतून उपसलेलं पाणी बहुधा त्याच खडकातलं असतं ज्याच्या जोरावर खालचा झरा वाहतो.

मेळघाटचा सगळा डोंगर काळ्या बेसॉल्टचा. वर मुरमाचा पातळ थर आणि खाली भेगांमध्ये जेवढं मुरेल तेवढंच पाणी. म्हणून तर भरपूर पाऊस झेलणाऱ्या चिखलदरा तालुक्यात खडीमलसारख्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस कमी पडत नाही, तो थांबत नाही. चार तासांत कोसळणारा पाऊस वाढत जाणार असेल, तर त्याला उतारावरच थोपवणं हाच मुख्य उपाय. समतल चर, दगडी बांध, नाल्यातले लहान लहान अडसर, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उतारावरचं गवत आणि पाचोळा. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीने हेच काम गावशिवारांत केलं. ते झऱ्याच्या पाणलोटाचा नकाशा हाती धरून जंगलात करायचं आहे, म्हणजे मे महिन्यात बशीत पाणी ओतण्याची गरज आपोआप कमी होईल.

या पाण्याचा दुसरा वाटेकरी खाली बसला आहे. सातपुडा संपतो तिथे पायथ्याला दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक पट्टा आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेले नाले इथे जमिनीत जिरतात. त्याच्या दक्षिणेला, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, खारपाण पट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या या सुमारे नऊशे गावांचं भूजल खारट आहे. तिथली विहीर पिण्याच्या कामाची नाही, म्हणून अकोट-तेल्हाऱ्याची गावं वान धरणाच्या ८४ खेडी योजनेवर, तर दर्यापूर-अंजनगावकडची गावं शहानूर धरणावर अवलंबून आहेत. ही धरणं भरतात ती मेळघाटच्या पाणलोटातून. वानचं पाणी कुणाला द्यायचं यावर तेल्हारा आणि बाळापूरकडच्या लोकांत वाद पेटले. ते पाणी जिथून येतं त्या उतारांच्या स्थितीवर त्या वादात फारशी चर्चा झाली नाही.

आग, घाणेरी आणि गवत

वनखात्याच्या कॅलेंडरात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. पानगळीच्या जंगलात त्या काळात जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर असतो आणि एक ठिणगी पुरते. बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळणं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग देणं, बिडीचं थोटूक, कधी रागही. उन्हाळे जितके लांबतील आणि कोरडे होतील, तितकी तीच ठिणगी मोठी आग लावेल.

आगीशी लढण्यात मात्र खरी प्रगती झाली आहे. भारतीय वनसर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीची जागा थेट मोबाइलवर कळवते. जाळरेषा वेळेत काढल्या जातात, झाडपाला हाकलणारे ब्लोअर आले, हंगामी अंगारी नेमले जातात. तरीही उपग्रहाने दाखवलेल्या ठिपक्यापर्यंत दरी-डोंगर तुडवत जाणारी माणसं शेवटी गावचीच असतात. मोहाखाली जाळी अंथरली तर फूल स्वच्छ मिळतं, भाव बरा येतो आणि आग लावावी लागत नाही. आगीवरचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आगीने मोकळी झालेली जागा बऱ्याचदा घाणेरी बळकावते. मुंगी, कुरेशी आणि झाला यांच्या २०२० च्या अभ्यासाप्रमाणे भारतातल्या दीड लाखाहून अधिक चौरस किलोमीटर वनक्षेत्रात ती शिरली आहे आणि बदलतं हवामान तिला बरंच मानवतं. तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि वाळली की ती आगीला झाडाच्या शेंड्यापर्यंत शिडी करून देते. वरवर छाटून ती जात नाही. जमिनीखालच्या मुळाच्या गाठीशी तोडून, उलटी करून टाकायची, आणि त्या जागी लगेच स्थानिक गवत लावायचं, ही दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी रुजवलेली रीत आता अनेक व्याघ्र प्रकल्पांत वापरली जाते. गवत लावण्याची दुसरी पायरी चुकली, तर पहिलीवर केलेला खर्च दोन पावसाळ्यांत वाया जातो.

गवताच्या बाबतीत मेळघाटचा अनुभव देशाला सांगण्यासारखा आहे. गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड आणि नंतर इतर गावं उठली, तेव्हा त्यांची शेतं रिकामी झाली. ती तशीच सोडली असती तर तरोटा आणि रानतुळस माजली असती. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे गवतांचे अभ्यासक गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाखाली वनखात्याने तिथे मारवेल, शेडा, पवन्या अशी गवतं वाढवली. कोणतं गवत केव्हा कापायचं, बी केव्हा धरायचं, कुठलं तण फुलण्याआधी उपटायचं, याचं वेळापत्रक बसवलं. आज त्या कुरणांवर रानगवे आणि सांबरं चरतात. दाट मुळांचं बहुवर्षायू गवत माती धरून ठेवतं, पाणी मुरवतं आणि आगीनंतर लवकर उभं राहतं. हवामानाच्या दृष्टीने ते रोपवाटिकेतल्या झाडाइतकंच, कित्येक जागी त्याहून अधिक मोलाचं आहे.

याच्या नेमका उलट विचार राज्याच्या वृक्षलागवड मोहिमांत दिसला. २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. लक्ष्य झाडांच्या संख्येत असलं की मोकळी जागा हवी असते, आणि मोकळी जागा म्हणजे बहुधा माळ आणि गवताळ रान. वऱ्हाडात काळवीट राहतो तो अशाच रानात. कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच्यासाठीच राखलं आहे. खड्डे खणून माळावर रोपं लावली, की काळवीट जातो आणि कोरड्या वर्षी रोपंही जातात.

रानपिंगळा या घुबडाची गोष्ट इथे आठवावी. १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षं तो खात्रीने कुणाला दिसला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सापडला आणि पुढच्या काही वर्षांत मेळघाट हा त्याचा सर्वांत भक्कम आधार असल्याचं कळलं. त्याला गर्द जंगल लागत नाही. विरळ, सागाचं, मध्ये उघड्या जागा असलेलं आणि ढोल्या असलेली म्हातारी झाडं राखलेलं रान त्याला हवं. अशी जुनी झाडं वारंवारच्या आगीत पहिल्यांदा कोसळतात आणि लागवडीच्या आकडेवारीत कधीच मोजली जात नाहीत.

चालत्या प्राण्यांच्या वाटा

२०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याचा माग राहिला. यवतमाळ, तेलंगणातला आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम असं करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याची सुमारे ३,००० किलोमीटरची वाटचाल नोंदली गेली. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. तो चालला ते पऱ्हाटी-तुरीच्या वावरांतून, नाल्यांच्या काठांनी, रात्री. वऱ्हाडची शेती वन्यजीवांच्या नकाशात रिकामी जागा म्हणून दाखवतात, ती तशी नाही, हे त्याने दाखवून दिलं. आणि ज्ञानगंगेत त्याला जोडीदार मिळाली नाही, म्हणजे नुसती वाट असून भागत नाही, दुसऱ्या टोकाला नांदतं जंगलही लागतं, हेही.

मेळघाटच्या मुख्य वाटा तीन दिशांनी जातात. उत्तरेला बैतूलमार्गे मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पाकडे, पूर्वेला पेंचकडे आणि पश्चिमेला अंबाबरवामार्गे यावलकडे. दक्षिणेला काटेपूर्णा, ज्ञानगंगा, अमरावतीजवळचं पोहरा-मालखेडचं रान ही पुंजक्या-पुंजक्यांची साखळी आहे. वन्यजीव कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन आराखड्यात संचारमार्गाचा विचार बंधनकारक केला. तरी गाभ्याला जे कायद्याचं कवच आहे तसं या वाटांना नाही.

याच वाटा आता चारी बाजूंनी छेदल्या जात आहेत, आणि त्यातली काही कामं हवामानाच्याच नावाने होत आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळच्या परिसरातून जातो. तिथे भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने प्राण्यांसाठी भुयारी आणि वरून जाणारे मार्ग बांधले, ही चांगली सुरुवात आहे. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ खालच्या मार्गांनी हा उपाय चालतो हे सिद्ध झालंच आहे. अकोला-खंडवा लोहमार्गाच्या रुंदीकरणात जुना मार्ग वान अभयारण्यातून जातो म्हणून तो जंगलाबाहेरून वळवण्याचा आग्रह धरला गेला. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला. धारणीच्या बाजूने तापीचं पाणी कालव्यांनी वळवून सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात जिरवायचं, अशी ती कल्पना. खारपाण पट्ट्याची तहान खरी आहे आणि भूजल भरण्याचा विचारही योग्य. पण उघडा, खोल, सिमेंटचा कालवा हा जनावराला भिंतीसारखाच अडसर असतो. आराखडा कागदावर आहे तोवरच त्यावर झाकलेले पट्टे आणि रुंद पूल धरून घ्यावे लागतील. बांधून झालेल्या कालव्यावर नंतर पूल टाकणं किती महाग पडतं, हे इतर राज्यांनी अनुभवलं आहे.

माणसं

मेळघाटच्या संरक्षणाचा सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे पुनर्वसन. कुटुंबामागे २००८ पासून १० लाखांचं आणि २०२१ पासून १५ लाखांचं पॅकेज आहे. काही गावांनी शाळा, रस्ता, दवाखाना जवळ येईल म्हणून स्वतःहून जंगल सोडलं. उठलेल्या गावांच्या जागी कुरणं झाली, हे वर आलंच. दुसरी बाजू २०१९ च्या जानेवारीत पुढे आली. अकोट तालुक्यात वसवलेल्या गावांतली काही कुटुंबं, जमीन आणि सोयींच्या तक्रारी घेऊन, केलपाणी-गुल्लरघाटच्या जुन्या जागी परतली होती. त्यांना बाहेर काढताना संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. कोरकू माणसाला जंगलातून उठवून ज्या सपाटीवर बसवलं, तिथलं हवामान डोंगरापेक्षा कडक आणि पाणी कमी. हवामानाच्या काळात पुनर्वसनाचा हिशेब करताना हा मुद्दा पैशाच्या रकमेइतकाच महत्त्वाचा आहे.

पायथ्याशी मात्र वेगळा मार्ग सापडला. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेल्या त्या टेकड्यांवर गावाने चराई आणि तोड स्वतः बंद केली, रोजगार हमीतून चर खणले, झाडं लावली, सीताफळाची विक्री ग्रामसभेने हाती घेतली. खोज या संस्थेची त्यांना साथ होती. उपातखेडा, खतिजापूर, नयाखेडा ही शेजारची गावंही त्याच वाटेने गेली. २०१४ मध्ये पायविहीरला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहभागातून दिला जाणारा जैवविविधता पुरस्कार मिळाला. वरचे चार विषय इथे एकत्र येतात. पाणी मुरवणारा उतार, गवत, आग विझवायला येणारी माणसं, आणि प्राण्यांना पायथ्याशी मिळणारा आसरा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, सरकारी कुंपणाशिवाय हे घडलं. अर्थात प्रत्येक गाव पायविहीर होत नाही. जिथे गावात एकी नाही किंवा हक्काचा कागद मिळूनही आराखडा आणि निधी मिळाला नाही, तिथे तो कागद कपाटातच राहतो.

काठावरच्या शेतकऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात आणि हंगामभर रात्री जागल करावी लागते. लहरी पावसात एकदाच उगवलेलं पीक जनावराने खाल्लं, तर दुबार पेरणीला पैसा नसतो. वाघाबद्दल आस्था असलेला माणूसही अशा वेळी रोह्याबद्दल काय बोलतो ते इथे छापण्यासारखं नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेने २०१५ पासून बफरमधल्या गावांना गॅस आणि इतर सोयी दिल्या. मोठा पैसा मात्र शेतीच्या खात्यात आहे. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पाच हजारांहून अधिक गावं आली, आणि त्यांत पूर्णेच्या खारपाण पट्ट्याची गावंही होती. हवामानाशी जुळवून घेण्यासाठी वऱ्हाडात आलेला हा मोठा निधी शेततळ्यांवर आणि ठिबकवर खर्च झाला. त्याच नाल्याचा वरचा भाग वनखात्याकडे म्हणून हिशेबात आला नाही. पाणलोट एक आणि खाती दोन, ही जुनी अडचण इथे फार नडते.

मग काय करायचं

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थापकांनी अलीकडे या प्रश्नासाठी तीन पर्यायांची चौकट स्वीकारली आहे. बदल थोपवायचा, बदल स्वीकारायचा, किंवा बदलाला हवं ते वळण द्यायचं. प्रत्येक जागेसाठी यातलं काय करणार हे उघडपणे ठरवायचं, म्हणजे सगळीकडे सगळं जुनं तसंच ठेवण्याच्या हट्टात पैसा आणि श्रम संपत नाहीत.

मेळघाटला ही चौकट लावून पाहता येते. वैराट-चिखलदऱ्याचं पठार आणि सिपना-खापऱ्याच्या ओल्या दऱ्या इथे बदल थोपवायचा. आग, घाणेरी, पर्यटनाची बांधकामं यांपासून या जागा निकराने राखायच्या, कारण उष्ण काळातलं आसऱ्याचं ठिकाण तेच. मधल्या कोरड्या उतारांवर काही झाडं कमी होतील, सालई-धावड्यासारखी काटक झाडं वाढतील, हा बदल स्वीकारायचा. तिथे सागाचंच प्रमाण राखण्याचा अट्टाहास करण्यात अर्थ नाही. आणि पायथ्याच्या पट्ट्याला वळण द्यायचं. गवत, बांध, गावांचे हक्क आणि प्राण्यांच्या वाटा मिळून तिथे एक नवी व्यवस्था उभी करायची.

राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखडा २०१७-३१ ने हवामानबदलाला पहिल्यांदाच वन्यजीव नियोजनात स्वतंत्र जागा दिली. तो कागद जमिनीवर उतरायचा तर मोजमाप लागेल. शेतीसाठी महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. तशीच दाट मोजणी वेगवेगळ्या उंचीवरच्या जंगलात हवी. आत प्रत्येक वनक्षेत्रात संरक्षण कुट्या आहेत, तिथले वनरक्षक रोज गस्त घालतात आणि गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स या अ‍ॅपवर करतात. त्याच नोंदीत ओढा कधी आटला, मोहा कधी फुलला, तेंदूला पालवी कधी आली, हे तीन रकाने वाढवायला खर्च नाही. पक्षी-प्राण्यांच्या वागण्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याचं लोकज्ञान मारुती चितमपल्लींनी याच जंगलात नोकरी करताना आणि त्याआधीही टिपून ठेवलं. ती सवय खात्याची झाली असती, तर आज आपल्या हाती पन्नास वर्षांची मालिका असती.

व्याघ्र प्रकल्पाचा संवर्धन आराखडा ठरावीक वर्षांनी नव्याने लिहिला जातो. गाभ्याच्या रक्षणावरचं प्रकरण त्यात भक्कम असेल, याबद्दल शंका नको. पन्नास वर्षांची ती कमाई आहे. पुढच्या आराखड्यात चार गोष्टी पाहाव्यात. झऱ्यांच्या पाणलोटाचं काम पाणवठ्यांपेक्षा वर आहे का? मध्य प्रदेशाबरोबरच्या संचारमार्गांना आणि तापीच्या कालव्यावरच्या पुलांना जागा नेमून दिली आहे का? पायथ्याच्या ग्रामसभांना त्यांच्या हक्काच्या जंगलासाठी निधी आहे का? आणि वनखातं आणि कृषी खातं यांना एका पाणलोटासाठी एकत्र बसवणारी समिती आहे का? ज्या मुद्द्यापुढे रक्कम लिहिलेली असेल तो खरा, ज्यापुढे नसेल तो प्रस्तावनेत गेलेला समजावा. अमरावती-अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि पत्रकारांनी हा आराखडा मागवून एवढं जरी तपासलं, तरी वानच्या पाण्यावर भांडणाऱ्या गावांचं आणि वॉकरच्या वाटेवर येणाऱ्या पुढच्या वाघांचं काम एकाच वेळी होईल.